देवाचा मेंढा

सोजर तिसऱ्यांदा सीताफळाच्या बिया वाटायला बसली, तसा तिचा सासरा उठून मेंढ्यांभोवती येरझाऱ्या घालू लागला. मागच्या दोन्ही खेपांना तो एकेका मेंढीचे डोळे झाकून धरायचा, कारण लेप डोळ्यांत गेला तर जनावर आंधळं व्हायचं, आणि सोजर अंगभर चोळायची. गोचीड गळून पडायचे. आठ दिवसांत पुन्हा कोकरांच्या कानांना लोंबायचे. आज तर दोन कोकरं उठलीच नव्हती.

"मामा, गोचीड कुठनं येत्यात, तुमास्नी ठावं हाय."

ठाऊक होतं, म्हणून तर म्हाताऱ्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. साऱ्या कळपात बिनलेपाचा एकच मेंढा होता, बिरोबाला सोडलेला. त्याची लोकर कातरायची नाही, त्याला औषध लावायचं नाही, ही म्हाताऱ्याच्या बापानं घातलेली आण.

"देवाच्या जनावराचं देव बघून घेईल!" तो खेकसला.

"आन् माझ्या कोकरांचं?"

म्हातारा तरातरा निघून गेला. पलीकडे मेंढा बाभळीला मान घासत होता. खोड रक्तानं ओलं झालं होतं. म्हाताऱ्यानं त्याच्या लोकरीत बोटं खुपसली. कातडी हाताला लागेचना, नुसते टपोरे गोचीड.

शिंगाला धरून त्यानं मेंढा सोजरपुढं आणला.

"लाव. डोळं मी झाकतो."

त्यानं दोन्ही तळहात मेंढ्याच्या डोळ्यांवर दाबले. सोजरनं लेप घेऊन वर पाहिलं, तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतःचेही डोळे घट्ट मिटून घेतले होते.