आग्नेय कोपरा

सातासमुद्रापार चँडलरला घर घेतलं तेव्हा सुचित्राने वास्तुशांतीचं नाव काढलं. “काँक्रीटच्या स्लॅबवर लाकडी खोकं ठेवलंय, त्याला कसली डोंबलाची शांती?” असं म्हणून गिरीशने तिला गप्प केलं.

गिरीशचं स्वतःचं खूळ मात्र शास्त्रीय होतं. दर शनिवारी मेटल डिटेक्टर घेऊन तो ओसाड पडलेल्या खाणगावांत जुनी नाणी हुडकायला जायचा आणि बाटल्यांची बुचं घेऊन परतायचा. तरी तोरा असा, की डिटेक्टर क्लबमधले बाकी सगळे ढ. “पार्कात फिरून काय मिळणार यांना? जागा हेरायला डोकं लागतं!”

अखेर एका जुन्या नकाशात त्याला खाणमजुरांची वाट सापडली, आणि ती जात होती थेट त्याच्याच बॅकयार्डमधून. आग्नेय कोपऱ्यात डिटेक्टर ओरडला. वीतभर खणताच हाती आला पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इथे हिंदी मजूर राबत होते तर! त्याने रविवारी अख्खा क्लब घरी बोलावला. सगळे खड्ड्याभोवती जमले, कॅमेरे निघाले, गिरीशचं व्याख्यान रंगात आलं आणि त्याने पुन्हा फावडं उचललं.

चहाचा ट्रे घेऊन आलेली सुचित्रा हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाली, “आता आणखी खणू नकोस. खाली वास्तुपुरुष आहे. तू टूरवर होतास तेव्हा गुरुजींना बोलावून शांती उरकली मी, आजीचा रुपयाही ठेवला. यांना इंग्लिशमध्ये काय सांगायचं ते तू बघ. तुला डोकं आहे.”