मुदतीआधी बंद

“मुदत संपायला अजून बराच अवकाश आहे,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “आत्ता टीव्ही बंद केलात तर दंड बसेल.”

“भरते.”

मुलीने मान वर केली. दंड म्हटल्यावर लोक भांडतात, निदान कुरकुर तरी करतात. ही बाई मात्र पिशवीतून बॉक्स आणि गुंडाळलेली वायर काढून समोर ठेवून मोकळी झाली होती. मुलीने शिकवल्याप्रमाणे एकेक आमिष दाखवून पाहिलं: थोडी चॅनेल कमी करा, स्वस्तातलं पॅक घ्या, सिनेमे फुकट देते. काही लागू पडेना तेव्हा तिने कारण विचारलं.

“शेजाऱ्यांना त्रास होतो.”

हे अर्धंच कारण होतं. बाई नर्स होती, रात्रपाळीची. दुपारी कुठे डोळा लागतो न लागतो तोच सासऱ्यांची मालिका सुरू व्हायची. आणि त्यांची तऱ्हाही उफराटी. माणूस कानात यंत्र घालून टीव्ही ऐकतो. हे मालिकेच्या आधी यंत्र काढून डबीत ठेवायचे आणि मग आवाज वाढवायचे. खुर्चीसुद्धा टीव्हीसमोर नाही, टीव्ही टांगलेल्या भिंतीला खेटून. तळहात भिंतीवर टेकलेला, पडद्याकडे लक्ष जेमतेम. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीच्या कानांचे पडदे फाटायची वेळ आली होती.

भिंतीपलीकडे शिलाईवाल्या मावशी एकट्या राहायच्या. पूर्वी त्यांच्या मशीनची घरघर यायची, ती केव्हाच थांबली होती. आता यायची ती ठकठक. त्या बिचाऱ्या भिंत ठोकायच्या आणि सासरे, लाजणं राहिलं बाजूला, रिमोट उचलून आवाज आणखी चढवायचे. नर्सला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मावशी हल्ली जिन्यात दिसत नव्हत्या, तेच बरं असं तिला वाटे. भेटल्या असत्या तर कुठल्या तोंडाने बोलली असती?

तिने समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. टीव्ही नवऱ्याने वडिलांसाठी म्हणून घेतला होता; तो कामानिमित्त परगावी. फोनवर म्हणाला, म्हाताऱ्याची तेवढीच करमणूक, घे सांभाळून.

सांभाळून घेतही होती. पण परवा वॉर्डात पेंगता पेंगता एका रुग्णाचं इंजेक्शन ती भलत्याच रुग्णाला द्यायला निघाली. सोबतच्या नर्सने मनगट धरलं म्हणून निभावलं. घरी येऊन ती आधी रडली आणि मग सासऱ्यांना सांगून टाकलं, टीव्ही बंद करतेय.

त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “मुदत संपेपर्यंत थांबता नाही येणार?”

“दंड मी भरीन, बाबा.”

“दंडाचं नाही गं.”

ते पुढे काहीतरी बोलणार होते. पण भिंतीकडे पाहिलं आणि गप्प बसले. आज ती वायर काढायला लागली तेव्हा चपला पायात सरकवून बाहेर निघून गेले. त्यांची वाकलेली पाठ पाहून तिला वाईट वाटलं, फार वाटलं. पण तिने शब्द फिरवला नाही.

काउंटरवर सह्या झाल्या, पावती मिळाली. परतताना तिला हलकं वाटायला हवं होतं, तसं ते वाटेना. निदान एक काम तरी नीट पार पाडावं म्हणून आपल्या दाराचं कुलूप न उघडता तिने शेजारचं दार वाजवलं. माफी मागायची होती.

दार नुसतंच लोटलेलं होतं. आतून “कोण?” आलं.

ती आत गेली. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. पलंग ओढून दोन्ही घरांमधल्या भिंतीला चिकटवला होता आणि त्यावर मावशी बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा चमचा घेऊन. चाहुलीने त्यांनी मान वळवली, पण नजर तिच्या खांद्यावरून निघून रिकाम्या दारावर स्थिरावली. अशी नजर नर्सने डोळ्यांच्या वॉर्डात पुष्कळ पाहिली होती. बोलायचं ठरवून आणलेलं अर्धं तिथेच विसरलं.

“मावशी, मी शेजारची सून,” ती कशीबशी म्हणाली. “इतके दिवस आमच्या टीव्हीचा तुम्हाला जो त्रास...”

मावशींचा चेहरा उजळला.

“बरं झालं आलीस गं. भाऊंची तब्येत बरी आहे ना?” त्यांनी चमचा उचलला आणि भिंतीला कान लावला. “मालिकेची वेळ होऊन गेली. मघापासून ठोकतेय, पण आज त्यांनी आवाज वाढवलाच नाही.”