हिरवी खूण

"डिजिटल सहीसाठी घरी बनवलेलं सर्टिफिकेट म्हणजे आपणच आपल्याला दिलेला चारित्र्याचा दाखला," ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या होत्या. "तुझा लॅपटॉप त्याला खरं मानतो, कारण तू तसं सांगितलंस. उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं, तर तेही मानेल."

ती हसली होती. "माझ्या लॅपटॉपला सांगायला माझ्या घरात कोण येणार, मॅडम?"

तेव्हा तिला सातवा लागला होता आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. बाबा दूरच्या गावी, दादाजवळ. घर बाबांच्या आणि तिच्या नावावर. दादाला ते विकायचं होतं आणि बाबा हटून बसले होते. त्यांना फोनवर ऐकू येत नसे, कॅमेरा समोर धरला की ते चिडत. दादाला विचारलं की ठरलेलं उत्तर, "मजेत आहेत. आत्ताच डोळा लागलाय."

म्हणून प्रवास बंद होण्याआधीच्या शेवटच्या भेटीत तिने बाबांच्या संगणकावर त्यांच्या नावाचं सर्टिफिकेट बनवून ठेवलं होतं. बाबांनी दर रविवारी चार ओळी लिहायच्या, पीडीएफ करायची, फक्त त्यांनाच ठाऊक असलेला पासवर्ड घालून सही करायची आणि तिला मेल करायची. वेळेचा शिक्का बाहेरच्या सर्व्हरचा, म्हणजे त्यात कुणाला हात घालता येणार नाही. ते सर्टिफिकेट तिने आपल्या लॅपटॉपच्या विश्वासातल्या यादीत घातलं होतं. तिच्या पडद्यावर सहीशेजारी हिरवी खूण उमटली की समजायचं, बाबा आहेत आणि लिहिणारे तेच आहेत.

"लागली का सासरेबुवांची हजेरी?" नवरा चिडवायचा.

पण माणूस जीव लावणारा. बाळ झालं त्या दिवशी घाईत बाळाचे कपडे घरीच राहिले. तो आणायला धावला आणि बऱ्याच वेळाने हात हलवत परत आला. कपडेच विसरला!

"पहिलटकरीण ही की तुम्ही?" नर्स म्हणाली. सगळा वॉर्ड हसला.

घरी आल्यावर दूध गरम करणं, लंगोट धुणं, सगळं तोच बघायचा. बाळ दचकून उठू नये म्हणून तिचा फोनसुद्धा तोच उचलायचा. रविवारी बाळाला पाजता पाजता ती एका हाताने पत्र उघडायची. हिरवी खूण दिसली की जीव भांड्यात पडायचा.

पत्रं मात्र मिळमिळीत होत गेली. "भवाने, जेवलीस का?" अशी सुरुवात करणारे बाबा आता "प्रिय कन्येस" लिहू लागले. आणि या रविवारी, "घर विकावं असं मलाही वाटतं. तू संमती दे."

"बाबा असं लिहिणार नाहीत," ती म्हणाली.

"आजोबा झालेत, शहाणपण आलं असेल." नवरा हसला. "सही त्यांचीच आहे ना? हिरवी खूण आहे ना? मग उगाच राईचा पर्वत करू नकोस."

तो बाळाला घेऊन स्वयंपाकघरात गेला. तिने सहीवर क्लिक करून तपशील उघडला.

नाव बाबांचं. वेळेचा शिक्का चोख. पण सर्टिफिकेट तिने बनवलेलं नव्हतं. हे बाळाच्या जन्माच्या आदल्या दिवशी बनलं होतं. वेळ खरी होती, माणूस खोटा होता.

दादा! नवऱ्याला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मॅडमचं बोलणं आठवलं.

दादाने नवं सर्टिफिकेट बनवलं असेल. पण दादाने या घरात कधी पाऊल टाकलेलं नाही. मग त्याच्या खोट्या सहीला हिरवी खूण तिच्या लॅपटॉपवर दिली कुणी?

विश्वासातल्या सर्टिफिकेटांची यादी तिने उघडली. बाबांचं नाव दोनदा होतं. यादी शेवटची बदलली होती ती बाळाच्या जन्मदिवशी. ती वॉर्डात होती. लॅपटॉप घरी होता.

"काय गं, बघितलंस ना नीट?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "बाबांचंच आहे ना?"

"हो," ती म्हणाली. "बाबांचंच."

तुमच्यापैकी कुणी त्या गावी पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत राहत असेल, तर निळ्या फाटकाच्या घरी एकदा जाऊन याल? दादाला काही विचारू नका, थेट बाबांना हाक मारा. मोठ्याने मारा, त्यांना कमी ऐकू येतं. निरोप ऑफिसातल्या मॅडमना द्या. तिच्या नंबरावर फोन करू नका. बाळाचे कपडे विसरणारा माणूस फोन उचलायला मात्र कधी विसरत नाही.