होडीचा रंग

२००७ साली किनाऱ्यावरच्या चौक गावचे गोपीनाथ नाखवा मीरा रोडच्या माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात निळीशार गिटार घेऊन आले. "पोराची हाय. आता नात शिकनार. कवाची हाय, बगा." दांडा खोलला तर आत शिक्का होता: जपान, १९६८. एकोणचाळीस वर्षांची गिटार, आणि तिच्यावर होडीचा ऑइलपेंट! "कोणी फासला हा?" मी चिडलोच. "मीच. लाकूड सडू नये म्हनून. पोराला दर्यानं नेला, तवापासून दरसाल होडीबरोबर हिलाबी रंगवतो." मी ब्लेडने थर काढू लागलो. नऊ निघाले. खाली मूळ रंग उजळला, मधोमध केशरी, भोवती काळपट. फक्त वरच्या कडेला तळहाताएवढं लाकूड उघडं होतं. "हितं रंग न्हाय?" "वाजवताना हात तिथे टेकतो. तुमच्या मुलाच्या हाताने झिजलंय ते." नाखवांनी त्यावर तळहात ठेवला. "नऊ वेळा," ते म्हणाले, "त्याचा हात मीच बुजवला."