निरोगी गटातले बाबा

“पाऊल वाचत नाही. खिळ्याच्या जखमेतून जंतू हाडापर्यंत गेलेत,” सर्जन मुलीला म्हणाले. “मधल्या काळात यांचं रक्त कधी तपासलंच नाही का?”

तपासलं होतं. तिनेच, आणि तेही दोनदा.

रक्तातल्या पेप्टाइडांवर तिचं संशोधन चालू होतं. जंतू अंगात शिरले की शरीर औषधाची वाट बघत बसत नाही. ही चिमुकली प्रथिनं सोडतं आणि ती जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात. निरोगी म्हाताऱ्यांच्या रक्तात ती साधारण किती असतात, हे तिला ठरवायचं होतं. पण साठीनंतर धडधाकट माणूस सापडायला तर हवा! कुणाला खोकला, कुणाची दाढ किडलेली. शेवटी तिने बाबांनाच धरून आणलं. बाबा सुतार, अंगाने काटक. “आयुष्यभर लाकूड तासलं, आता तू मला तास,” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

त्यांचा आकडा इतरांच्या तिप्पट आला. पुन्हा रक्त घेतलं, तर त्याहून जास्त.

एखाद्या शिकाऊ डॉक्टरलाही शंका आली असती. हिला राग आला. आलेख इतका सुरेख जमला होता आणि त्यात हा एकच ठिपका वर लटकलेला. “बाबा, उपाशीपोटी या म्हटलं होतं ना? काहीतरी खाऊन आला असणार तुम्ही,” ती प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत बोलली. बाबांनी मान खाली घातली. तिने त्यांचा आकडा चूक म्हणून वगळला आणि हातासरशी विसरूनही गेली. पुढे ताप चढून ते कोसळले, तेव्हा कुठे त्यांच्या पायातला मोजा निघाला.

आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाबांचं शरीर बोंबलून सांगत होतं, आणि त्याचं बोलणं समजण्याचाच पगार घेणाऱ्या पोरीने त्याला गप्प बसवलं होतं.

ती खाटेजवळ गेली. सगळं कबूल करायचं ठरवून गेली, पण जीभ रेटेना. तोंडातून भलतंच आलं.

“खिळा रुतला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

बाबा ओशाळले. “तुला निरोगी माणसं मिळत नव्हती गं. पाय दाखवला असता, तर तू मला काढून टाकलं असतंस.” मग जरा सावरून त्यांनी विचारलं, “कामी आलं ना माझं रक्त?”