दोन गटांची सरासरी

दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या चाचणीत सार्थ ठरला होता. व्यायाम करणाऱ्या वीस हमालांची सरासरी कमी आली होती, न करणाऱ्या वीस जणांची जवळजवळ दुप्पट. श्रमाने स्नायू झिजले की रक्तात जे द्रव्य वाढते, त्याच्या मोजमापाला अपेक्षाने आयुष्याची तीन वर्षे वाहिली होती. सोमवारी प्रबंध सादर व्हायचा होता. ज्यांच्या रक्ताने तो लिहिला गेला त्यांचे तोंड गोड करावे, म्हणून ती पेढ्यांचा डबा घेऊन कळमन्याच्या बाजारात आली.

हरभऱ्याच्या थप्पीला टेकून चंपतराव बसले होते. व्यायाम न करणाऱ्यांतला सर्वांत मोठा आकडा त्यांचाच. शेजारी त्यांच्याच टोळीतले गणपतराव. साठी उलटलेले, व्यायामाच्या गटातले, आणि आकडा सर्वांत लहान.

"काका, व्यायामाचा गुण आला," ती गणपतरावांना म्हणाली. "तुमचे स्नायू तरुणासारखे आहेत."

गणपतराव मिस्कील हसले. "राहतीनच ना वं बाई! तुहा व्यायाम करून आलो, का हा चंपत मले पोत्याले हात लावू देत नव्हता. म्हणे, राजेसाहेब, बसा तुम्ही."

"मग तुमची पोती?"

"यानंच उचलली. साऱ्या टोळ्यांत असंच चालू होतं."

चंपतराव ओशाळले. "तुह्या चिठ्ठीत व्यायामाले याचं नाव निघालं, माहं नाही निघालं. सकाळी व्यायाम, मंग पोती. एका जिवाले दोन-दोन कष्ट काहून? टोळीचं वजन टोळीनंच उचलाचं असते." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा स्वर उतरला. "आमचं काही चुकलं का वं पोरी?"

अपेक्षा गप्प राहिली असती, तर हे कोणालाच कधी कळले नसते. मार्गदर्शकांची स्वाक्षरी झाली होती. तिची दृष्टी चंपतरावांच्या खांद्यावर गेली. गोणपाटाने घासून तिथली कातडी काळवंडली होती.

"नाही काका," ती म्हणाली. "चुकलं ते माझं."

पहिला पेढा तिने त्यांच्या तळहातावर ठेवला. मग पिशवीतून प्रबंध काढला, चाचणीच्या गृहीतकांचे पान उघडले आणि पहिल्याच वाक्यावर शांतपणे रेघ ओढली: 'दोन्ही गटांतील व्यक्तींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.'