मान्य आहे

"हा आवाज माझाच आहे ना रे?" आईनं फोन निनादपुढे धरला.

जाहिरात पत्त्यांच्या जुगाराची होती. "ये बाळा, एक डाव खेळून तर बघ," असं आई त्यात लाडानं सांगत होती. साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या आईनं पत्त्यांना कधी हातसुद्धा लावला नव्हता. 

निनाद लहान मुलांसाठी गेम बनवत होता. त्यातल्या गोष्टी सांगणाऱ्या आजीला त्यानं आईचाच आवाज दिला होता. पण गेम बनवायचं सॉफ्टवेअर सारखं अडून बसायचं आणि नव्या अटी मान्य केल्याशिवाय उघडायचंच नाही. निनाद वैतागून, न वाचताच 'मान्य आहे' दाबायचा आणि कामाला लागायचा. आज त्यानं त्या अटी पहिल्यांदा वाचल्या. गेममधल्या कुठल्याही आवाजात सॉफ्टवेअरची कंपनी हवी ती वाक्यं बनवू शकत होती, विकूही शकत होती.

त्यानं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, परवानगी तुम्हीच दिलीय. ती आता मागे घेता येत नाही."

तेवढ्यात आईचा फोन वाजला. तिचा एक जुना विद्यार्थी बोलत होता.

"बाई, मी तुमचा आवाज लगेच ओळखला. तुम्ही सांगताय म्हटल्यावर बिनधास्त खेळलो. सगळा पगार गेला, बाई."

उत्तर द्यायला आईनं तोंड उघडलं, आणि दुसऱ्याच क्षणी ते हातानं घट्ट झाकून घेतलं.